धारेला खाडा नाही, मग चालण्यालाच का?



उसाच्या पानावर तांबेरा दिसला की तुम्ही ते पान खिशात घालून तालुक्याला येता. म्हशीनं दोन वेळा वैरण सोडली की रात्रीच जनावरांच्या डॉक्टरला फोन जातो. स्वतःला मात्र वर्षभर तहान जास्त लागते, रात्रीतून तीन-तीनदा उठावं लागतं, माडी चढताना दम लागतो, तरी "उन्हाचं होत असंल" म्हणून आपण पुढं ढकलतो. शेवटी कुणाच्या तरी आग्रहानं रक्त तपासायचं, साखर निघायची, आणि डॉक्टरांनी गोळ्यांच्या चिठ्ठीखाली एक ओळ लिहायची : रोज अर्धा तास चाला. गोळ्या आपण आणतो. त्या ओळीचं पुढं काय होतं, यावर आज लिहायचं आहे. पिकाचा विषय पुढच्या खेपेला घेऊ.

सुरुवात तर सगळेच करतात. रिपोर्ट हातात पडला की दुसऱ्याच दिवशी पहाटे पाचचा गजर लागतो. बाजारातून पांढरे बूट येतात. पहिल्या आठवड्यात गडी रोज चार-चार किलोमीटर हाणतो आणि भेटेल त्याला सांगतो. दुसऱ्या आठवड्यात पोटऱ्या भरून येतात, एखादा दिवस चुकतो. तिसऱ्या आठवड्यात शेतपंपाची लाईट रात्रपाळीला येते; रात्रभर दारं मोडल्यावर पहाटे पाचला कोण उठणार? मग पाव्हण्यांचं लग्न, मग पेरणीची घाई. महिन्यानं ते बूट बघायचे असतील तर गोठ्याच्या माळ्यावर बघा. विचारलं तर उत्तर ठरलेलं : "मनच लागंना बघा, साहेब."

हे उत्तर मला पटत नाही. मन लागण्यावर शेतातलं कुठलं काम आपण सोडलंय? म्हशीची धार काढायला रोज मन लागतं का? कडाक्याची थंडी असो, अंगात कणकण असो, रात्री भावकीत भांडण झालेलं असो, धार निघतेच. कारण म्हैस वेळेला रेकायला लागते, कास भरलेली असते आणि दूध संकलन केंद्र ठरल्या वेळी बंद होतं. हे काम उत्साहावर ठेवलेलंच नाही. ते वेळेला, जागेला आणि वाट बघणाऱ्याला बांधलेलं आहे. व्यायामाला यातलं आपण काहीच देत नाही, आणि तो बंद पडला की स्वतःला आळशी म्हणून मोकळे होतो. आळशी माणूस उन्हाळ्यात ऊस जगवत नाही.

दिवसभर राबतो, मग व्यायाम कशाला?

व्यायामाचा विषय काढला की पारावर हा प्रश्न येतोच. प्रश्न खोटा नाही. खुरपणारी बाई, उसाला मोळ्या बांधणारा मजूर, डोक्यावर पाटी वाहणारा गडी यांना कुणी व्यायाम शिकवू नये. त्यांना विश्रांती आणि पोटभर जेवण शिकवावं, तेही परवडत असेल तर. पण तुम्ही-आम्ही, म्हणजे ज्यांच्या नावावर सातबारा आहे, मजूर लावतो आणि मोटारसायकलवरून बांधावर जातो, त्यांनी जरा हिशेब मांडावा.

हिशेब सोपा आहे. एकरात ४० गुंठे, गुंठ्यात १,०८९ चौरस फूट, म्हणजे ४३,५६० चौरस फूट. बैलांच्या नांगराचं तास नऊ इंच रुंद धरलं तर एक एकर नांगरताना ५८,०८० फूट चालावं लागतं. हे अंतर साडेसतरा किलोमीटरच्या वर जातं, ढेकळातून आणि नांगराची मूठ दाबून. वळणावरची पावलं यात धरलेली नाहीत. आपले आजोबा पाच एकर नांगरायचे तेव्हा साताऱ्याहून निघून जवळजवळ पुण्यापर्यंत चालून जायचे. आता ट्रॅक्टरवाला तासाच्या हिशेबानं येतो आणि आपण बांधावर उभं राहून पैसे मोजतो. मोटर फोनवरून चालू होते. फवारणी ब्लोअरनं होते. पीक पाहणीसुद्धा २०२१ पासून मोबाईलवर आली. पूर्वी तलाठी भाऊसाहेब शिवार पालथं घालायचे, तीही चाल गेली. (तलाठी आणि ग्रामसेवक ही पदनामं आता बदलली आहेत, पण गाव अजून जुन्याच नावानं हाक मारतं, म्हणून मीही तेच वापरतो.) ट्रॅक्टर वाईट असं मी म्हणणार नाही, बैल परवडत नाहीत हे मलाही कळतं. पण नांगराबरोबर अंगातून काय गेलं ते मोजलं पाहिजे.

१९५३ साली जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या बसवरच्या नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर आणि कंडक्टर दोघंही एकाच बसवर, एकाच गावचे, साधारण सारख्याच पगारातले. ड्रायव्हर दिवसभर बसलेला. कंडक्टर तिकिटं फाडत दुमजली गाडीचा जिना दिवसभर चढ-उतार करणारा. हृदयविकार कंडक्टरांत कमी निघाला, ड्रायव्हरांत जास्त. गावात आज ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, मोटारसायकलवरचा बागायतदार आणि खुर्चीवरचा ग्रामसेवक हे सगळे त्या बसच्या ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसले आहेत.

दुसरी एक गोष्ट सांगतो, ती जरा गुंतागुंतीची आहे. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या लाखावर माणसांच्या नोंदी तपासून २०२१ साली निष्कर्ष आला, की मोकळ्या वेळात हालचाल करणाऱ्यांना हृदयाचे झटके कमी येतात. पण कामावर अंगमेहनत जास्त असणाऱ्यांना तो फायदा दिसत नाही, उलट धोका थोडा जास्त दिसतो. तज्ज्ञांत यावर वाद चालू आहे. डेन्मार्कचं काम वेगळं, आपलं रान वेगळं, त्यामुळं तो निष्कर्ष जसाच्या तसा मी आपल्याला लावत नाही. पण एवढं डोक्यात ठेवा, की कंबरेत वाकून तासन् तास एकाच जागी केलेलं काम आणि हात हलवत, श्वास भरत मोकळं चालणं हे शरीराला सारखं नसतं. पहिल्यानं कंबर दुखते, दुसऱ्यानं छाती मोकळी होते. शिवाय शेतीचं काम हंगामी. आठ दिवस मरमर, मग वीस दिवस पारावर.

साखर हा शहरातल्या लोकांचा आजार, ही समजूतही आता सोडायला हवी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशभरच्या पाहणीचे आकडे २०२३ साली आले. देशात मधुमेही सुमारे १० कोटी १० लाख. शहरात शंभरातले १६.४, खेड्यात ८.९. खेडं मागं आहे म्हणून बरं वाटतं ना? पण मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचा आकडा बघा. शहरात १५.४, खेड्यात १५.२. उंबरठ्यावर दोन्हीकडची गर्दी सारखीच आहे.

उंबरठ्यावरून परत फिरता येतं, हे आपल्या देशातच दाखवून झालंय. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ५३१ जणांवर तीन वर्षं काम केलं आणि २००६ साली ते प्रसिद्ध झालं. ज्यांना नुसता नेहमीचा सल्ला दिला, त्यांच्यातले शंभरातले ५५ तीन वर्षांत मधुमेही झाले. ज्यांना रोज अर्धा तास झपाझप चालायला आणि खाण्यात बदल करायला लावला, त्यांच्यातले ३९. सोळा माणसांचा फरक. एखाद्या वाणानं शंभरी सोळा पोती जास्त दिली तर आपण बियाण्यासाठी रांग लावतो.

मन कशानं लागतं ते वारीत बघा

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दरवर्षी आपल्या जिल्ह्यातून जाते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. त्यात सत्तरीच्या म्हाताऱ्या असतात, गुडघे धरलेली माणसं असतात, घरी असताना दुकानापर्यंत जायला नातवाला गाडी काढायला लावणारे असतात. ते सगळे तीन आठवड्यांच्या आसपास चालतात. श्रद्धा आहे, हे तर खरंच. पण नुसत्या श्रद्धेवर सोडलं असतं तर दिवेघाटातच निम्मी माणसं बसली असती. वारीची घडी बघा. प्रत्येक दिंडीला नंबर, रथाच्या पुढं की मागं ते ठरलेलं. निघायची वेळ ठरलेली, मुक्काम ठरलेला, विसावा ठरलेला. पुढचा चालतो म्हणून मागचा चालतो, आणि एखादा मागं राहिला तर दिंडीत लगेच विचारणा होते. माणसाला रोज सकाळी "आज चालू का नको" हा विचारच करावा लागत नाही. तीच माणसं आषाढीनंतर घरी आली की चालणं बंद. अंगातली ताकद तीच, श्रद्धा तीच, फक्त दिंडी नाही.

तालमीचंही असंच होतं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीचं कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तसा पैलवान ज्या वातावरणात घडतो, ती गावोगावची तालीम होती. पहाटेची वेळ, तांबडी माती, ती खणायची पाळी आणि वस्ताद. पोरगं दोन दिवस आलं नाही तर वस्तादाचा निरोप घरी. जोर-बैठका काढायचा कंटाळा तेव्हाच्या पोरांनाही येत होता, आपल्याइतकाच. पण वस्तादाला सांगायला तोंड नव्हतं.

वस्ताद आज मोबाईलमधूनही येतो, याचा पुरावा आहे. वर सांगितलेल्या त्याच डॉ. रामचंद्रन यांच्या गटानं २०१३ साली आणखी एक अभ्यास मांडला. उंबरठ्यावरच्या ५३७ पुरुषांना सुरुवातीला सारखाच सल्ला दिला. मग निम्म्यांना दोन वर्षं मोबाईलवर अधूनमधून संदेश पाठवले. चालताय ना, जेवणाकडं लक्ष आहे ना, असे साधेच. दोन वर्षांत संदेश न मिळालेल्यांत शंभरातले २७ मधुमेही झाले, मिळालेल्यांत १८. औषध नाही, यंत्र नाही, नुसती आठवण. तुमच्या गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सकाळी पन्नास फुलांचे फोटो पडतात. त्यातला एकानं जरी "आज कोण कोण चाललं?" एवढं विचारलं तरी पुष्कळ.

कॅन केंद्रावरच ठेवायची

माझ्या कामाच्या भागातल्या एका आले बागायतदाराची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, वाचताना त्याला कळेलच. वय ४७, साखर निघाली, बूट आणले, तीन आठवडे चालला, बंद पडला. पुढच्या वर्षी पायाला खिळ्याची जखम झाली ती दोन महिने भरेना. डॉक्टर म्हणाले, बोट वाचलं हे नशीब. तेव्हा घाबरून पुन्हा बूट काढले. पुन्हा बंद पडले असते. पण या वेळी बायकोनं एक शहाणपणा केला. ती म्हणाली, "पहाटं उठून चालायचं तुमचं जमत न्हाई. डेअरीला तर रोज जाताच की. तिथनंच चालायला लागा."

तेव्हापासून तो सकाळी दूध घालतो, मोकळी कॅन केंद्रावरच ठेवतो आणि कालव्याच्या रस्त्यानं पुलापर्यंत जाऊन येतो. जाऊन-येऊन अर्धा तास. कॅन केंद्रावर असल्यानं परत तिथंच यावं लागतं, आणि कॅन घरी वेळेत गेली नाही तर बायकोला कळतं. आठ-दहा दिवसांत आणखी दोघांनी कॅन ठेवली. आज पाच जण आहेत. संकलन केंद्राचा पोरगा कुणाची कॅन उचलली गेली नाही ते बघून हाक मारतो. त्या बागायतदाराच्या गोळ्या सुटल्या असं मी म्हणणार नाही, कारण सुटलेल्या नाहीत. पण दोन वर्षांत वाढल्याही नाहीत, आणि आल्याच्या सरीतून चालताना तो आता मधेच बसत नाही.

यात काय घडलं ते नीट बघा. नवी वेळ शोधली नाही, रोज होणाऱ्याच कामाच्या शेपटीला चालणं बांधलं. दूध घालणं चुकत नाही म्हणून चालणं चुकत नाही. तुमच्याकडं जनावर नसेल तर दुसरं काही धरा. मुलाला शाळेच्या बसपर्यंत सोडणं असेल, मारुतीचं दर्शन असेल, संध्याकाळी मोटर बंद करायला जाणं असेल. "जमेल तेव्हा चालेन" असं ठरवलेलं जमत नाही. "दूध घातल्यावर चालेन" हे जमतं. आणि अर्धा तास जड वाटत असेल तर दहा मिनिटांनी सुरुवात करा. पहिला महिना अंतरासाठी नसतो, पाय वळणावर लागण्यासाठी असतो. पहिल्याच दिवशी चार किलोमीटर हाणणारा गडी म्हणजे कोरड्या रानाला एकदम पाट सोडणारा. पाणी वाहून जातं. ठिबकवर आपण विश्वास ठेवला, तसा यावरही ठेवा.

एकूण किती पाहिजे, हेही सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली मोठ्या माणसांसाठी आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सांगितली आहे, आणि आठवड्यातून दोन दिवस तरी स्नायूंना जोर पडेल असं काही. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, असा वेग. १५० मिनिटं म्हणजे रोजची बावीसही होत नाहीत. एकदम जमत नसतील तर तुकड्यांनी केली तरी चालतात.

तुकड्यांवरून आपली जुनी शतपावली आठवते. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठानं २०१६ साली मधुमेही लोकांवर करून पाहिलं. दिवसातून एकदा तीस मिनिटं चालण्यापेक्षा तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतरचा फरक सगळ्यात मोठा, २२ टक्के. आपल्या म्हाताऱ्या माणसांनी शतपावली लावून दिली ती उगाच नव्हती. शंभर पावलं फारच थोडी झाली, ती हजार करा. रात्री जेवल्यावर टीव्हीसमोर बसण्याआधी गोठ्यापर्यंत जाऊन जनावरं बघून या, मग वेशीपर्यंत एक चक्कर. वैरणही बघून होते.

खाडा पडला तर

पडणारच. सुगी आहे, जत्रा आहे, मयत आहे, ताप आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना एकेक नवी सवय बारा आठवडे लावून पाहिली. अभ्यास २०१० सालचा. सवय अंगवळणी पडायला मधला आकडा निघाला ६६ दिवस. पण कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाचा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागते, व्यायामाला वेळ लागतो. म्हणजे तीन आठवड्यांत मन लागलं नाही, तर तुमच्यात काही कमी आहे असं नाही. अजून उगवणीचेच दिवस आहेत. त्याच अभ्यासात असंही दिसलं, की मधे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. गडबड होते ती एका खाड्यामुळं "आता मोडलंच की" म्हणून सोडून दिल्यानं. ऊस लावताना चार डोळे उगवले नाहीत म्हणून आपण सरी मोडतो का? नांगी भरतो.

दुधाचा हिशेब आणि गाय भरवल्याची तारीख आपण भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो. त्याच चौकोनात चाललेल्या दिवशी एक फुली मारा. महिन्याच्या शेवटी पोरांना मोजायला लावा. पोरं हिशेबात सोडत नाहीत.

हंगामाचा बंदोबस्त आधीच करून ठेवा. पेरणीच्या, सुगीच्या पंधरा दिवसांत चालणं होणार नाही हे आपल्याला मे महिन्यातच माहीत असतं. तेव्हा तेवढ्या दिवसांसाठी घरातलं दहा मिनिटांचं काही ठरवा. वेळ आणि जागा तीच ठेवा, काम फक्त लहान करा. यासाठी सूर्यनमस्कारासारखं दुसरं नाही. पाऊस असला तरी ओसरीवर होतात, पैसे लागत नाहीत, आणि वर सांगितलेला स्नायूंचा जोरही त्यात येतो. खटाव तालुक्यातल्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी सूर्यनमस्कार संस्थानातल्या शाळांत आणले आणि त्यांवर पुस्तकं लिहिली. 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' हे त्यांचं इंग्रजी पुस्तक १९३८ सालचं. ते स्वतः म्हातारपणापर्यंत नमस्कार घालत. आपल्याच जिल्ह्यातली ही गोष्ट आणि आपणच योगासाठी टीव्ही लावतो. सुरुवात सहानं करा. गुडघा किंवा कंबर धरत असेल तर हट्ट करू नका, चालणंच बरं.

घरातल्या बायकांचं वेगळं लिहायला हवं. २०२२ च्या आकडेवारीवरून २०२४ साली प्रसिद्ध झालेला जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासकांचा अंदाज असा, की भारतात पुरेशी हालचाल न करणाऱ्या स्त्रिया शंभरातल्या ५७ आणि पुरुष ४२. "दिवसभर कामच करते की ती" हे आपण म्हणतो. काम असतंच, पण चूल, भांडी, निवडणं, टिपणं, यात श्वास भरून चालणं कुठं आलं? आणि बाई एकटी चालायला निघाली तर पारावरचे चार डोळे वळतात, "काय ओ वयनी, कुठं निघालाय?" तिचं मन तिथंच मोडतं. बचत गटाच्या बायकांनी मिळून निघावं, आठ-दहा जणी असल्या की कुणी विचारत नाही. आणि अर्धा तास मोकळा मिळायचा तर त्या वेळात घरातल्या पुरुषानं चहा स्वतः ठेवावा. हे वाक्य काही जणांना आवडणार नाही, माहीत आहे.

काही सावधगिरी सांगतो. चाळिशीपुढच्यांनी, रक्तदाब, साखर किंवा छातीचं दुखणं असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी लांब जाऊ नका. खिशात साखरेची पुडी ठेवा, घाम फुटून थरथर झाली तर लगेच तोंडात टाका. मधुमेह्यानं अनवाणी कधीच चालू नये, देवळाकडं जातानासुद्धा. पायाला काटा बोचलेला कळत नाही आणि मग बोटावर येतं. चालताना छातीवर दाब आला, जबडा किंवा डावा हात भरून आला, तर घरी जाऊन पडू नका, सरळ दवाखाना गाठा. अंधारात बॅटरी हवी, बांधाकडेला साप असतो. डांबरी रस्त्यावर उजव्या बाजूनं, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसेल असं चाला. कारखाने चालू असताना उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस धावतात आणि कितीतरी ट्रॉल्यांना मागं लाल पट्टीही नसते.

आता सरपंच, ग्रामसेवक, भाऊसाहेब यांच्यासाठी. बऱ्याच गावांत ग्रामपंचायतीशेजारी लोखंडी खुली व्यायामशाळा बसली आहे. काही ठिकाणी चांगली चालते, हे कबूल. पण कितीतरी ठिकाणी त्यावर चादरी वाळत असतात आणि शेळ्या बांधलेल्या असतात. अनुदानात आलेल्या तुषार संचाचं काय होतं हे मी नोकरीत पुष्कळ पाहिलंय. वस्तू येते, वापरायची सवय वस्तूबरोबर येत नाही. नवीन साहित्याचा ठराव करण्याआधी काही बिनखर्ची कामं बघा. पहाटे पाच ते सहा आणि रात्री आठ ते नऊ गावातले दिवे चालू राहतील एवढं पाहा. शाळेच्या मैदानाचं फाटक सकाळी कोण उघडणार, त्याचं नाव ठरवून टाका. गावाबाहेर जाणारी एक पाणंद बाभळी तोडून, खड्डे मुरमानं भरून नीट करा; ती शेतमालालाही लागतेच. तिथं दर पाव किलोमीटरला एका दगडावर चुन्यानं आकडा घाला, म्हणजे म्हाताऱ्या माणसालासुद्धा आज किती झालं ते कळतं. आणि महिन्यातून एकदा उपकेंद्राच्या आरोग्यसेविका ताईंना दूध संकलन केंद्रावर बोलवा. सकाळी सगळे तिथं येतातच. कॅन रिकामी होईपर्यंत रक्तदाब आणि साखर बघून होते. ताईंच्या वहीत मागच्या महिन्याचा आकडा असतो. या महिन्याचा त्याशेजारी पडला की कोण चाललं आणि कोणी नुसतं चाललो म्हणून सांगितलं, ते रांगेतच कळतं.